बिडाचा कार्ब्युरेटर गंजू नये म्हणून: नव्याने जुना ट्रॅक्टर हाती घेतलेल्यांसाठी

जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर खोलला, घासूनपुसून लख्ख केला, नवी निडल (पेट्रोल रोखणारी सुई) आणि नवी गॅस्केटं टाकून जोडला की फार समाधान वाटतं. पण त्याला सगळ्यात जास्त जपायची वेळ नेमकी हीच असते. इतकी वर्षं त्याच्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, चिकट झालेलं पेट्रोल, तेल आणि काळा मळ यांचा थर होता. दिसायला घाण होती, पण बीड झाकलेलं होतं. आपण ते उघडं केलं. आता हवेत ओल असली की गंज चढायला रात्रसुद्धा लागत नाही.

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. गावाबाहेर जागा घेतली तेव्हा तिथल्या कोठारात उभा असलेला फोर्ड ८एन ट्रॅक्टर जागेसोबतच मिळाला. १९४७ ते १९५२ या काळात फोर्डने हे मॉडेल पाच लाखांहून जास्त बनवलं, त्यामुळे इथल्या शेतांवर, फार्महाऊसवर ते आजही चालताना दिसतं. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे डिझेल. सांगलीच्या मामेभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, ट्रॅक्टरला कार्ब्युरेटर असतो होय? मी तर फक्त मोटारसायकलचा बघितलाय." त्याचं बरोबर होतं. मलाही सगळं इथेच शिकावं लागलं. इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी असा ट्रॅक्टर घेतं आणि पहिल्या हिवाळ्यानंतर विचारतं, "मागच्याच वर्षी दुरुस्तीचं किट टाकलं होतं, आता परत पेट्रोल का गळतंय?" हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आधी समजून घ्या: पाणी कुठे बसतं

८एनवरचा मूळ कार्ब्युरेटर मार्व्हल-शेब्लरचा टीएसएक्स मालिकेतला. बॉडी बिडाची, आतला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), निडलची सीट (तिची बसायची जागा) आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) पितळेचे, थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या झडपेचा, दांडा पोलादी. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली लटकलेला असतो आणि हवा खालून वर ओढतो. टाकी इंजिनाच्या वर, बॉनेटखाली. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. म्हणजे टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब उतरत उतरत शेवटी फ्लोटच्या वाटीत येऊन थांबतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते वाटीच्या तळाशी, बिडाला चिकटून बसतं. वर पेट्रोल आहे म्हणून ते वाळतही नाही.

त्यात इथल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. साधारण १५ अंश सेल्सियसला असं पेट्रोल अर्धा टक्क्याच्या आसपास पाणी पोटात धरून ठेवतं. त्याहून जास्त झालं किंवा थंडी वाढली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे पडतात आणि तळाला जातात. हा तळाचा थर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. तो काही महिने पडून राहिला तर आंबूस होतो, आणि आंबटाला बीड आणि पितळ दोन्ही घाबरतात.

आणखी एक गोष्ट. ओल्या जागी बीड आणि पितळ एकमेकांना टेकलेले असले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह चालू होतो, आणि त्यात झिजतं ते बीड. म्हणून खोलल्यावर पितळी जेट धडधाकट दिसतो आणि तो ज्यात बसतो तिथलं बीड खड्डे पडून खाल्लेलं दिसतं. जेट बदलून हा रोग जात नाही.

खोलल्यावर लगेच धुऊ नका, आधी रंग बघा

वाटी उघडली की ती उजेडात धरा. तळाशी तांबूस-तपकिरी गाळ दिसला तर लोखंडाचा गंज: तो वाटीतलाच असेल किंवा टाकीतून वाहत आलेला. कसं ओळखायचं? गाळ बोटाने पुसा. खालचं बीड गुळगुळीत असेल तर गंज टाकीतून आलाय. खाली खरखरीत, देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर वाटीतच पाणी साचत होतं. पितळेवर हिरवट थर म्हणजे कळंक, आपल्याकडे कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की येतो तोच. तो दिसला की पेट्रोल आंबत होतं असं समजा. पांढरी भुकटी दिसली तर तुमच्या कार्ब्युरेटरला कुठेतरी अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग आहे. बाजारात मिळणाऱ्या काही नव्या बदली कार्ब्युरेटरांत तसे भाग असतात, आणि मग पुढे सांगितलेलं आम्लाचं काम तुम्हाला करायचं नाही.

या घडीला मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी वाटी उघडाल तेव्हा तुलनेला उपयोगी पडतात.

सफाई

पितळेचं सगळं काढून बाजूला ठेवा: फ्लोट, निडल आणि सीट, जेट, दोन्ही अ‍ॅडजस्टिंग स्क्रू. ते कार्ब्युरेटर क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ होतात. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर तो गळका आहे.

बिडाच्या भागांना वाळूने ब्लास्टिंग करून घ्यायचा मोह होतो, कारण तसं केल्यावर ते नव्यासारखे दिसतात. मी करत नाही. आतल्या वाटा इतक्या बारीक आहेत की वाळूचा एक कण कोपऱ्यात राहिला तरी नंतर तो जेटमध्येच येऊन बसतो. आणि ब्लास्टिंगने पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर ओल जास्त धरते.

आधी तेलकटपणा काढा. डिग्रीजर किंवा भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरे. मग गंज. गंज उतरवायला बाजारात तयार द्रावणं मिळतात. ती गंजातलं लोखंड तेवढं धरून ठेवतात आणि चांगल्या बिडाला फारसं खात नाहीत. नवशिक्यासाठी मी तेच सुचवेन. भाग पूर्ण बुडेल एवढं द्रावण घ्या, अर्धवट बुडवलं तर पाण्याच्या रेषेवर डाग उमटतो. रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश फिरवा.

काही जण व्हिनेगर वापरतात. स्वस्त आहे आणि काम करतं, पण ते आम्ल आहे. भाग बाहेर काढल्यावरही बिडाच्या छिद्रांत ते शिल्लक राहतं आणि काम करतच राहतं. व्हिनेगर वापरलंत तर नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तासन् तास विसरूनही जाऊ नका, खड्डे वाढतात.

धुतल्यानंतरचा पहिला अर्धा तास

सगळं लिखाण वाचायला वेळ नसेल तर एवढाच भाग वाचा.

माझ्या आजीकडे बिडाचा तवा होता. तो घासला की ती पाटावर निथळत ठेवायची नाही. लगेच चुलीवर ठेवून कडकडीत कोरडा करायची आणि गरम असतानाच तेलाचं फडकं फिरवायची. तिचा हात कधी चुकला नाही आणि त्या तव्याला कधी गंज चढलेला मी पाहिला नाही. कार्ब्युरेटरच्या बिडालाही हेच लागतं.

मी पहिला कार्ब्युरेटर साफ केला तेव्हा गरम पाण्याने धुतला, फडक्याने पुसला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि जेवायला गेलो. जुलैचा दमट दिवस होता. परत आलो तेव्हा वाटीच्या आत नारिंगी धूळ उडाल्यासारखा थर होता. बोटाला लागत होता. पाऊण तासात झालेलं काम. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

म्हणून धुवायला घेण्याआधी पुढची सगळी तयारी समोर मांडून ठेवा आणि मध्ये थांबू नका:

१. शेवटचं धुणं गरम पाण्याने करा. गरम झालेला भाग लवकर वाळतो.

२. लगेच काँप्रेसरच्या हवेने प्रत्येक भोक, प्रत्येक वाट फुंकून काढा. एका भोकात हवा मारून ती दुसरीकडून बाहेर येते का, बोट लावून बघा. डोळ्यांना चष्मा हवाच.

३. मग भाग तापवा. इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये ९० ते ९५ अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवला की छिद्रांतली ओल निघून जाते. पण भागावर पेट्रोल, थिनर किंवा क्लीनरचा अंशही असता कामा नये. म्हणूनच शेवटचं धुणं साबण-पाण्याचं आणि मग साध्या पाण्याचं. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका. एखादा जुना टोस्टर ओव्हन गॅरेजमध्ये ठेवा. तो नसेल तर हीट गनने चारी बाजूंनी, हात लावता येणार नाही इतका गरम होईपर्यंत.

४. हाताला सोसेल एवढा कोमट झाला की हलकं मशीन ऑइल किंवा पाणी हटवणारं गंजरोधक तेल आतबाहेर लावा. बिडाची छिद्रं गरम असताना तेल ओढून घेतात. उघड्या हाताने धरू नका. घामात मीठ असतं, आणि दोन दिवसांनी बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले दिसतात. स्वच्छ रबरी हातमोजे घाला.

ऑटोपार्ट्सच्या दुकानात सगळीकडे मिळणारा पाणी हटवणारा स्प्रे इथे चालतो, पण त्याचा थर पातळ असतो आणि काही आठवड्यांत उडून जातो. जोडणी लगेच करायची असेल तरच त्यावर भागवा.

आतून लेप द्यावा का?

पितळी भांड्याला कल्हई करतात तसं वाटीला आतून काहीतरी लावलं की प्रश्न कायमचा मिटेल, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं.

रंग नको. पेट्रोलमध्ये सतत बुडालेल्या पृष्ठभागावर साधा रंग टिकत नाही, इथेनॉल तर त्याला फुगवून सोलतं. टाकीसाठी मिळणारे इपॉक्सीचे लेपही मी वाटीत लावत नाही. टाकीत त्यांचं क्षेत्र मोठं आणि सपाट असतं. वाटीत कोपरे, आटे आणि बसण्याच्या जागा असतात. तिथून एक पापुद्रा सुटला की तो थेट जेटवर. गंजाचा कण तरी कधी झिजत जातो. इपॉक्सीचा पापुद्रा जेटवर झाकणासारखा बसतो आणि इंजिन चढावरच बंद पडतं.

फॉस्फेटचा थर मात्र मी लावतो. फॉस्फोरिक आम्लाचं पातळ, धातूच्या पूर्वतयारीसाठी विकलं जाणारं द्रावण मिळतं. ते बिडावर लावलं की पृष्ठभाग करडा, मॅट होतो, राहिलेला गंज काळा पडतो. लोखंडाच्या फॉस्फेटची ही बारीक साय नुसती राहिली तर फार काही करत नाही, पण ती तेल धरून ठेवते, आणि खरं संरक्षण त्या तेलाचं असतं. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, स्वच्छ धुवा आणि वर सांगितलेल्या चार पायऱ्या पुन्हा करा. हे पितळ, जस्त, अ‍ॅल्युमिनियमला लावायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी.

खड्डे फार खोल असतील आणि ती बॉडी तुम्हाला ठेवायचीच असेल, तर विजेशिवाय होणारं निकेल प्लेटिंग हा एक मार्ग आहे. त्याचा थर आतल्या कोपऱ्यांतही सारख्या जाडीचा बसतो. खर्चिक आहे, आणि थराला सूक्ष्म छिद्र राहिलं तर त्या जागी बीड उलट जोरात गंजतं. शेतावर साध्या कामाला वापरल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरसाठी मी ते करणार नाही.

जोडताना

वाटीचं गॅस्केट कोरडंच बसवा. ड्रेन प्लग (वाटीच्या तळाचं बूच) आणि पेट्रोल ज्यातून आत येतं तो पितळी एल्बो (काटकोनी सांधा) यांच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप लावू नका, तिचे धागे तुटून आत जातात. पेट्रोलला टिकणारं पातळ सीलंट पहिले दोन आटे सोडून लावा. बिडात पितळ जिथे जिथे जातं तिथे हा थर ओल अडवतो आणि पुढच्या वेळी प्लग न तुटता निघतो. मॅनिफोल्डच्या बोल्टांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

फ्लोटची उंची टीएसएक्सला गॅस्केटपासून पाव इंच धरतात. तुमच्या किटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद माना. उंची इथे सांगायचं कारण असं की फ्लोट वर राहिला तर पेट्रोल सतत पाझरतं, बॉडीवरून ओघळतं आणि बाहेरचा रंग खातं.

हवेच्या नळीच्या तळाशी एक बारीक भोक असतं. जास्तीचं पेट्रोल तिथून टपकून जावं म्हणून ते ठेवलेलं आहे. बऱ्याच जणांना ती गळती वाटते आणि ते भोक एम-सीलने बुजवतात. बुजवू नका. बुजवलं की पाणी आणि पेट्रोल तिथेच साचतं, आणि बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातून ज्वाळा उलटी आली, तर पेटतंही.

थ्रॉटलच्या दांड्याचं पॅकिंग नवीनच टाका. तिथल्या फटीतून धूळ आणि धुण्याचं पाणी आत जातं.

बाहेरून रंग द्यायचा तर तोंडं टेप लावून झाका, बीड पेट्रोलरहित आणि कोरडं असू द्या, आणि उष्णता व पेट्रोल दोन्ही सोसणारा इंजिनाचा रंग पातळ दोन थरांत द्या. यापेक्षा जास्त बोलण्यासारखं त्यात काही नाही. बाहेरच्या गंजाने कार्ब्युरेटर मरत नाही.

पेट्रोल आणि टाकी

मिनेसोटात जुन्या गाड्या, बोटी, लहान इंजिनं यांच्यासाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल विकायला परवानगी आहे. पंपावर त्याला नॉन-ऑक्सी म्हणतात, बहुधा ते ९१ ऑक्टेनचं असतं. ८एनला एवढ्या ऑक्टेनची गरज नाही, त्याचं इंजिन कमी दाबाचं आहे. मी ते इथेनॉल टाळण्यासाठी घेतो. गॅलनमागे जास्त पैसे जातात, पण माझ्या ट्रॅक्टरला वर्षाला लागतं किती? दुसऱ्या राज्यात असाल तर तसं पेट्रोल कुठे मिळतं ते शोधा. नाहीच मिळालं तर कमी कमी आणा आणि महिन्याभरात संपवा.

तुमच्या कार्ब्युरेटरचा फ्लोट बुचाचा असेल, जसा काही फार जुन्या मॉडेलांत असतो, तर इथेनॉलचा प्रश्न आणखी वेगळा आहे. बुचावर शेलॅकचा लेप असतो आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. मग बूच पेट्रोल पितं आणि बुडतं.

८एनची टाकी दहा गॅलनची. ती अर्धी रिकामी ठेवली की दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या पत्र्यावर दव धरतं. हे दव कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून) खाली काचेच्या गाळणीच्या वाटीत येतं. ही काचेची वाटी या ट्रॅक्टरवरची सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. दर वेळी चालू करण्याआधी तिच्याकडे बघा. तळाशी पाण्याचा गोळा पेट्रोलखाली वेगळा, पाऱ्यासारखा हलताना दिसतो. दिसला की कॉक बंद करून वाटी काढा, पुसा, परत बसवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते पाणी कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही.

पेट्रोलच्या वाटेत तीन जाळ्या आहेत: टाकीतल्या नळीवर, काचेच्या वाटीच्या वर आणि कार्ब्युरेटरच्या पितळी एल्बोत. तिसरी बहुतेकांना माहीतच नसते. तपासणी अशी: ड्रेन प्लग काढा, खाली बरणी धरा, कॉक दोन फेरे उघडा. दोन मिनिटांत साधारण एक पिंट, म्हणजे अर्धा लिटरला थोडं कमी पेट्रोल आलं पाहिजे. कमी आलं तर कुठलीतरी जाळी गंजाच्या गाळाने भरली आहे, आणि तो गाळ टाकीचा आहे. टाकी साफ न करता कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडण्यात अर्थ नाही. (कॉक दोन फेऱ्यांपुढे उघडला तर राखीव पेट्रोल चालू होतं. ते टाकीच्या अगदी तळाचं, म्हणजे सगळ्यात जास्त गाळाचं.)

हवेच्या बाजूनेही पाणी येतं. ८एनचा एअर क्लीनर तेलाचा असतो. खालची वाटी काढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. क्लीनरपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला असेल तर तो बदला.

आणि इंजिन गरम असताना प्रेशर वॉशर मारू नका. गरम बिडावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि थ्रॉटलच्या दांड्याजवळून पाणी आत ओढलं जातं.

हिवाळा

इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ट्रॅक्टर उभा असतो. वाटी भरून ठेवावी की कोरडी, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे अनुभवी लोक आहेत. भरलेल्या वाटीत हवा नसते, म्हणून पेट्रोल निर्मळ असेल तर बीड सुरक्षित राहतं. पण इथेनॉलचं पेट्रोल असेल तर तेच पाच महिने आंबत बसतं. कोरड्या वाटीत आंबायला काही नाही, पण हवेच्या वाटेने ओल येत राहते. माझं उत्तर असं आहे: सहा-आठ आठवडेच उभा राहणार असेल आणि पेट्रोल नॉन-ऑक्सी असेल तर भरलेली राहू द्या. पूर्ण हिवाळ्यासाठी रिकामी करा, पण रिकामी करून तशीच सोडू नका, तेल लावा.

करायचं ते असं. टाकीत ताजं पेट्रोल आणि प्रमाणात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला, टाकी जवळजवळ काठोकाठ भरा. इंजिन दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. इथे बरेच जण थांबतात. इंजिन बंद पडलं तरी वाटीच्या तळाशी जेटच्या खाली थोडं पेट्रोल उरतंच, आणि पाणी असतं ते तिथेच. ड्रेन प्लग काढून तेही काढा, काचेच्या बरणीत धरून बघा. इंजिन गार होईपर्यंत थांबा. मग ड्रेनच्या भोकातून इंजिन साठवणीसाठी मिळणारं चिकट फॉगिंग ऑइल दोन-तीन फवारे आत मारा, प्लग लावा, आणि हवेच्या तोंडातूनही थ्रॉटलकडे एक फवारा. शेवटी हवेचं तोंड तेलकट फडक्याने बंद करा. उंदरांनाही तिथे घर करायला आवडतं. स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे वसंतात ते फडकं विसरून कुणी सेल्फ मारणार नाही.

खरा धोका कडाक्याच्या थंडीत नसतो. उणे वीसमध्ये हवा कोरडी असते. धोका मार्च-एप्रिलमध्ये. रात्रभर गोठलेलं बीड कोठारात गारठलेलं असतं, दार उघडलं की बाहेरची कोमट, दमट हवा आत येते, आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा सगळ्या इंजिनाला घाम फुटतो. त्या दिवसांत सकाळी दारं बंद ठेवा, दुपारी बीड हाताला कोमट लागलं की उघडा.

ट्रॅक्टरच्या शेजारी काय ठेवलंय तेही बघा. खतांच्या पोत्यांतून आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून येणारा अमोनिया पितळेला तडे पाडतो. पोहण्याच्या तलावासाठीचं क्लोरीन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, झाकण घट्ट असलं तरी, आसपासचं सगळं लोखंड गंजवते. माझ्या एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पान्यांपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळं एका वर्षात लाल झालं, आणि कारण होतं कोपऱ्यातली एक बाटली. बर्फावर टाकायच्या मिठाचं पोतंही वेगळ्या खोलीत.

सुटा, तयार करून ठेवलेला कार्ब्युरेटर कपाटात ठेवायचा तर आतबाहेर तेल लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत. पिशवीवर तारीख. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो.

गावाकडच्यांसाठी थोडं

महाराष्ट्रात आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ट्रॅक्टरचा प्रश्न नाही, पण पेट्रोलवरचा वीडर, ग्रास कटर, फवारणीचा पॉवर पंप यांना कार्ब्युरेटर असतो. तो अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी येते आणि बारीक जेट बुजतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं काढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळाभर यंत्र पडवीत उभं राहणार असेल तर हे नक्की करा. मामेभावाने मागच्या वर्षी वीडरला एवढंच केलं, आणि यंदा मशागतीच्या वेळी तो दुसऱ्या झटक्याला चालू झाला.

वसंतात चालू करताना

फडकं काढा. काचेची गाळणी बघा. मग थेट सेल्फ मारू नका. ड्रेन प्लग काढून कॉक उघडा आणि कपभर पेट्रोल बरणीत वाहू द्या. पहिलं पेट्रोल तेलकट, धुरकट येईल. ते हिवाळ्यातलं फॉगिंग ऑइल आहे. बरणी उजेडात धरा, पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थेंब नाही, तपकिरी कण नाहीत, असं दिसलं की प्लग लावा, वाटी भरू द्या, चोक ओढून चालू करा. पहिली दोन-तीन मिनिटं निळसर धूर येईल, तो उरलेल्या तेलाचा. धूर संपला की गरम इंजिनावर मुख्य जेटचा आणि स्लोचा स्क्रू जुळवून घ्या. बरणीतला तो थेंब किंवा कण दिसलाच तर चालू करू नका. अजून एक कप काढा, आणि तोही गढूळ आला तर कॉक बंद करून वाटी खोला.